इंटरनेटला तीस वर्षं झाली म्हणे. कुणाच्या गावात?

(पोस्ट मोठी आहे. सुट्टी आहे, झेंडावंदन झालंय, चहा घेऊन वाचा. भांडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग भांडा.)

आज सकाळपासून व्हॉट्सअ‍ॅपवर तिरंग्याच्या जोडीने अजून एक मेसेज फिरतोय. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने, म्हणजे व्हीएसएनएलने, सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्याला आज तीस वर्षं पूर्ण झाली. मग काय, जो तो आठवणींत बुडालाय. मॉडेमचा तो किरकिराट, हॉटमेलचा पहिला आयडी, याहूच्या चॅटरूम, घरात कुणी फोन उचलला की तुटणारं कनेक्शन. माझ्या पत्रकारितेच्या डिप्लोमाच्या बॅचचा ग्रुप आहे, तिथे तर सकाळी सातपासून मैफल जमलीय. एकाने लिहिलं, "आपली पिढी नशीबवान. आपण इंटरनेट येताना पाहिलं."

मी खाली लिहिलं, "मी येताना नाही पाहिलं. जाताना पाहिलं, आमच्या हायवेच्या कडेने."

दोन हसणारे इमोजी आले आणि मंडळी परत याहूच्या चॅटरूममध्ये शिरली. तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून इथे लिहितोय. इथे निदान वाचणारे कासा, सायवन, उधवा, झाईचे आहेत. त्यांना कळेल मी काय म्हणतोय.

आधी १९९५ चं बोलू.

त्या इंटरनेटचे दर आज वाचले तर हसू येतं. विद्यार्थ्याला वर्षाला ५०० रुपयांत खातं मिळायचं, पण त्यात नुसती अक्षरं, चित्र नाही. चित्रांसकट खरंखुरं इंटरनेट हवं असेल तर वर्षाला १५,००० रुपये. आमच्याकडच्या मजुराला वर्षभर राबून एवढे पैसे दिसत नव्हते. आणि पैसे असते तरी काय? सेवा मोठ्या शहरांत होती. डहाणूतून जोडायचं तर मुंबईचा नंबर फिरवायचा, म्हणजे एसटीडी. ज्या गावात लोक रात्री दर उतरायची वाट बघत पिवळ्या पाटीच्या बूथबाहेर उभे राहायचे, त्या गावात एसटीडी लावून इंटरनेट कोण बघणार होतं?

आता त्याच वर्षीची दुसरी गोष्ट, जी कुठल्याच मेसेजमध्ये नाही. १९९५ मध्येच डहाणूच्या खाडीकाठी बीएसईएसचं ५०० मेगावॅटचं थर्मल सुरू झालं. चिमणी आमची, राख आमची, वीज मुंबईच्या उपनगरांची. म्हणजे अंधेरी-बोरिवलीला ज्याच्या घरी त्या वर्षी पहिला मॉडेम किरकिरला, त्याच्या कॉम्प्युटरला जाणाऱ्या विजेत डहाणूचा वाटा होता. आज ते मित्र आठवणी काढतात, जरूर काढाव्यात. पण त्या आठवणींचं वीजबिल आम्हीही भरलंय, एवढं ध्यानात असू द्या.

आता माझा स्वतःचा गुन्हा सांगतो. दुसऱ्याकडे बोट दाखवायचं तर आधी स्वतःचं पान उघडावं.

मी डिप्लोमा करत होतो १९९९ ला. नोव्हेंबरमध्ये बातमी आली की सत्यम इन्फोवेने राजेश जैन यांची इंडियावर्ल्ड ही कंपनी ४९९ कोटींना घेतली. खोज, खेल, समाचार, बावर्ची अशा नावांच्या वेबसाइट होत्या त्या. ४९९ कोटी! वर्गात दुसरा विषय नव्हता. एक कोटी जास्त देऊन ५०० का केले नाहीत यावरच अर्धा तास गेला. त्याआधी सबीर भाटियाने हॉटमेल मायक्रोसॉफ्टला विकल्याची बातमी आम्ही सगळ्यांनी पाठ केली होती. सरांनी ४९९ कोटींची बातमी मराठीत करायला सांगितली. मी मथळा दिला, "जग आता एका क्लिकवर". सरांनी वा म्हटलं. मी तोवर आयुष्यात चार वेळा क्लिक केलं असेल, तेही दादरच्या सायबर कॅफेत, घड्याळाकडे बघत, तासाला पन्नास रुपये मोजून.

डिप्लोमा झाल्यावर गावी आलो आणि एका साप्ताहिकात काम धरलं. इंग्रजी बऱ्यापैकी वाचता येतं म्हणून संपादकांनी मला टेक्नॉलॉजीची चौकट दिली. आमच्या ऑफिसात इंटरनेट नव्हतं. मुंबईचं इंग्रजी पेपर संध्याकाळपर्यंत हाती यायचं, त्यातून मी मजकूर उचलायचो आणि वर आपलं मत ठोकायचो. मुंबईला काही पाठवायचं असलं तर पाकीट सकाळच्या विरार शटलमध्ये ओळखीच्या माणसाच्या हातात द्यायचं. अशा माणसाने काय काय मतं दिली असतील विचारा! अमेरिकेच्या कोर्टाने मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करावेत की नाही, याचा निकाल मी डहाणू स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसून दिला होता. नेटस्केप का हरलं, एओएलने टाइम वॉर्नर घेतलं ते शहाणपण की वेडेपणा, वाय-टू-के आलं तर काय होईल, सगळ्यावर माझं मत तयार असायचं. ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री बारा वाजता जगातले कॉम्प्युटर बंद पडणार होते. आमच्याकडे दिवे साडेनऊलाच गेले. लोक म्हणाले, "वायटूके आमच्याकडे रोजच असतो."

वाचायला मजा यायची लोकांना. मलाही लिहायला मजा यायची. पण आज ते जुने अंक काढून बसलो तेव्हा एक गोष्ट टोचली. दोन-अडीच वर्षांच्या त्या चौकटीत डहाणू हा शब्द नाही. तलासरी नाही. एकदाही नाही. कोणती कंपनी कुणाला गिळणार, कुठल्या चिपचा वेग किती, कुणाचा शेअर नॅस्डॅकवर किती चढला आणि २००० च्या मार्चनंतर किती पडला, हे सगळं आहे. पण आमच्या तालुक्यात टेलिफोन एक्स्चेंज कुठपर्यंत आहे, पाड्यावर लाइन कधी येणार, आली तर ती आमच्या भाषेत बोलणार का, हे मी कुणाला विचारलं नाही. टेक्नॉलॉजीची बातमी म्हणजे क्रिकेटची मॅच, आपण प्रेक्षक, टाळ्या वाजवायच्या आणि मत द्यायचं. आम्हा पत्रकारांना तेव्हा असंच वाटायचं. वाचकांनाही तसंच वाटायला लागलं, कारण आम्ही तसं लिहीत होतो.

आणि त्याच काळात काय चाललं होतं?

२००० साली रेल्वेने रेलटेल नावाची कंपनी काढली, रुळांच्या कडेने फायबर टाकायला. हायवेच्या कडेनेही खोदकाम सुरू झालं. २००१-०२ च्या सुमाराला चारोटी, दापचरी, तलासरी, अच्छाड अशी चराची रांग मी मोटरसायकलवरून जाताना रोज बघायचो. लाल मातीचे ढीग, त्यात काळ्या-केशरी नळ्या. चर खणणारे हात बहुतेक आमच्याच पाड्यांवरचे. मी एकाला विचारलं, "काय टाकताय रे?" तो म्हणाला, "कायतरी वायर हाये, गुजरातला जाते." बरोबर होतं त्याचं. मुंबईहून गुजरातला, तिथून दिल्लीला. वायर आमच्या दारावरून गेली. आत वळली नाही. हायवेपासून सायवन-उधव्याचा डोंगर फार लांब नाही, पण त्या फाट्यावर कुणी वायर वळवली नाही. बातमी माझ्या डोळ्यासमोर खणली जात होती आणि मी त्या आठवड्यात चौकटीत लिहिलं होतं ते पेंटियमवर.

मोबाइल आला तेव्हा सीमेवरच्या लोकांची वेगळीच गंमत. झाई, बोर्डी, वेवजी, अच्छाड इथे फोन उघडला की उंबरगाव-संजाणकडचा टॉवर पकडायचा. माणूस महाराष्ट्रात, ओटीवर बसलेला, आणि फोन गुजरातेत. तेव्हा रोमिंगला येणाऱ्या फोनचेही पैसे कापायचे. लेकाने मुंबईहून आईला फोन केला तर आईचा बॅलन्स संपायचा. रोमिंगचा हा जाच संपायला २०१६-१७ उजाडलं. तोवर किती रुपये असे कापले गेले त्याचा हिशेब कुणी केला नाही, मीही नाही.

भाषेचं तर विचारूच नका. मराठी वेबसाइट उघडायची तर आधी तिचा फॉन्ट उतरवून घ्यायचा. प्रत्येक पेपरचा फॉन्ट वेगळा. नसला तर पडद्यावर चिन्हांचा चिवडा. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून होती, म्हणजे सोय तयार होती. पुण्यात सी-डॅक बसलेलं होतं. तरी पुढची कित्येक वर्षं आपण त्या चिवड्याला "मराठी इंटरनेट" म्हणत राहिलो. इतकं मराठीचं. वारली बोलणाऱ्या माझ्या गाववाल्याला त्या पडद्यावर जागाच नव्हती.

आता कुणी म्हणेल, अरे बाबा, तेव्हा सगळेच भांबावलेले होते. डहाणूसारख्या तालुक्याने प्रश्न विचारून काय झालं असतं?

तर ऐका. झालं असतं. कारण त्याच वर्षांत याच डहाणूने एका मशीनला प्रश्न विचारले होते आणि उत्तर मिळवलं होतं.

थर्मलची गोष्ट वर अर्धीच सांगितली. त्या चिमणीतून काय बाहेर पडतं, चिकूच्या मोहोरावर काय बसतं, खाडीतल्या मासळीचं काय होतं, हे विचारणारी माणसं इथे होती. नर्गिस इराणींसारख्या बाया कोर्टापर्यंत गेल्या. २० जून १९९१ ला केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला. बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि त्यातून डिसेंबरमध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण उभं राहिलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. या प्राधिकरणाने १९९९ मध्ये कंपनीला सांगितलं, चिमणीच्या धुरातला गंधक काढणारं यंत्र बसवा. कंपनी भांडली, वर्षं गेली, पण २००७ मध्ये ते यंत्र बसलं. देशात तेव्हा असं यंत्र मोजक्याच वीज केंद्रांना होतं.

विचार करा. ज्या वर्षी मी "जग एका क्लिकवर" असा मथळा देत होतो, त्याच वर्षी माझ्याच तालुक्यातली माणसं एका मोठ्या कंपनीला विचारत होती की तुमचं मशीन आमच्या अंगावर काय टाकतं. ती माणसं टेक्नॉलॉजीच्या विरोधात नव्हती. उलट अजून एक मशीन बसवा म्हणत होती. खरी टेक्नॉलॉजीची बातमी ती होती. मी ती "पर्यावरण" या कप्प्यात टाकली आणि पेंटियमला टेक्नॉलॉजी म्हटलं.

महाराष्ट्रातलंच अजून एक उदाहरण. १९९८ मध्ये वारणानगरला "वायर्ड व्हिलेज" प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर-सांगलीतली ७० गावं कॉम्प्युटरने जोडायची. पेपरांत काय कौतुक! शेतकरी इंटरनेटवर जगाचे बाजारभाव बघणार, वगैरे. मीही लिहिलं होतं, वारणेला न जाता. काही वर्षांनी अभ्यासकांनी जाऊन पाहिलं तर त्या कॉम्प्युटरवर शेतकऱ्याला हवं होतं ते एवढंच: माझ्या उसाचं वजन किती झालं, पैसे किती निघाले, खत किती उचललं. पुढे तिथे काही गावांत प्रयोग केला. कॉम्प्युटरच्या जागी साधा मोबाइल, एसएमएस पाठवला की उसाचा हिशेब हातात. काम भागलं. म्हणजे आधी माणसाला विचारलं असतं की तुला काय हवंय, तर गोष्ट स्वस्तात आणि लवकर झाली असती. पण विचारायची पद्धत नव्हती. उद्घाटनाची पद्धत होती.

हे सगळं जुनं उकरून का काढतोय? कारण तेव्हा न विचारलेल्या प्रश्नांचं व्याज आज वसूल होतंय. आणि ते माझ्याकडून नाही, पाड्यावरच्या माणसाकडून.

आज रेशनला अंगठा. पेन्शनला अंगठा. ई-केवायसी मोबाइलवर. शिष्यवृत्ती ऑनलाइन, दाखला ऑनलाइन, पीक पाहणी ऑनलाइन. सोय म्हणून नाही सांगत कुणी. सक्ती म्हणून सांगतात. आणि ज्या पाड्यावर सक्ती पोहोचली, तिथे नेटवर्क पोहोचलेलं नाही. माझ्या सगळ्या रडगाण्याचं सार एका ओळीत हे: सोय मागे राहिली, सक्ती पुढे आली.

मागच्या पावसाळ्यात एका गावच्या रेशन दुकानात मी पाहिलं ते सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण दुकानदार भला माणूस आहे आणि उगाच नोटीस त्यालाच यायची. मशीनला रेंज नव्हती. दुकानदार मशीन प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या टेपावर चढला, मागे पंचवीस-तीस माणसं चिखलातून. वर एका दगडावर मशीन ठेवलं की एखादी काडी यायची. एक आजी दोन मैल चालून आलेली. तिचे अंगठे भात लावून लावून झिजलेले, मशीन काही ओळखेना. चार वेळा, पाच वेळा. शेवटी दुकानदार म्हणाला, "आजी, उद्या ये." आजी म्हणाली, "उद्या माजा आंगठा बदलेल का?"

मला सांगा, याला काय उत्तर आहे? आयटी इंडस्ट्रीच्या तीस वर्षांच्या कुठल्या लेखात याचं उत्तर आहे?

आणि गंमत अशी की कागदावर उत्तर आहे. २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगात संतोषी कुमारी ही अकरा वर्षांची मुलगी गेली. रेशन बंद झालं होतं, आधार जोडलं नव्हतं म्हणून. देशभर ओरड झाली. त्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ ला केंद्राच्या अन्न विभागाने सगळ्या राज्यांना कळवलं की आधार नाही, नेटवर्क नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून कुणाचं धान्य नाकारू नका, नोंद करून द्या. हे पत्र आठ वर्षांचं झालं. तुमच्या दुकानात ते भिंतीवर लावलेलं बघितलंय का? मी तरी नाही बघितलं. अंगठ्याची सक्ती भिंतीवर लिहायला लागत नाही, ती सगळ्यांना माहीत असते. सवलत मात्र फाइलमध्ये झोपते.

रेशनच कशाला. १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स आहे, चांगली सेवा आहे. पण १०८ लावायला आधी टेकडी चढावी लागत असेल तर बाळंतिणीच्या घरच्यांनी काय करायचं? २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडी, दापचरी, तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. लोकांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. त्या रात्रींत खरी माहिती पाड्यावर सगळ्यांत शेवटी पोहोचायची आणि अफवा सगळ्यांत आधी, कारण अफवेला रेंज लागत नाही. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. "शाळा बंद, पण शिक्षण आहे" अशी घोषणा होती. ज्यांच्या घरी मोबाइल आणि रेंज होती त्यांच्याकडे शिक्षण होतं. बाकी मुलं वीटभट्टीवर आई-बापाच्या मागे गेली. त्यातली किती परत वर्गात बसली ते त्यांच्या शिक्षकांना विचारा.

मला माहीत आहे आता कमेंटमध्ये काय येणार. "पत्रकारसाहेब, तुम्ही हे फेसबुकवरच लिहिताय ना?" हो, लिहितोय. इंटरनेट नको असं मी एका शब्दानेही म्हटलेलं नाही. या पेजमुळे माझं पोट चालतं. गंजाडचा पोरगा आपली वारली चित्रं मधला दलाल टाळून थेट गिऱ्हाइकाला दाखवतो ते मोबाइलवरच. घोलवडच्या चिकूवाल्याला वाशीचा भाव घरबसल्या कळतो. चांगलंच आहे. म्हणूनच तर राग येतो. चांगली गोष्ट आहे आणि ती अर्ध्या तालुक्याला नाही.

दुसरी कमेंट येईल, "सगळं हळूहळूच येतं. रस्ता पण हळूहळू आला, वीज पण." बरोबर. पण रस्ता नव्हता तेव्हा कुणी म्हटलं नाही की गाडीतून आलात तरच धान्य मिळेल. वीज नव्हती तेव्हा दिव्यापुढे सही करायची सक्ती नव्हती. उशीर आम्ही पिढ्यान्पिढ्या सोसलाय, त्याची सवय आहे. ही गोष्ट वेगळी आहे. इथे उशीर सरकारचा आणि कंपन्यांचा, आणि दंड आजीला.

तिसरी कमेंट, "काम चालू आहे, भारतनेट येतंय." तेही बघू. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायची योजना मंजूर केली. मुदत वाढली, नाव बदललं, परत मुदत वाढली. २०२३ मध्ये सुधारित योजनेला १.३९ लाख कोटी मंजूर झाले. पैसे नाहीत असं कुणी म्हणू नये. आपापल्या ग्रामपंचायतीत जा आणि बघा, ती पेटी भिंतीवर आहे का, तिचा दिवा लागतो का, आणि लागला तरी ग्रामपंचायतीपासून तुमच्या पाड्यापर्यंत काय आहे.

आणि आता एआय आलंय. परत तोच उत्साह! मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये शेतीसाठी महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी. नवी मुंबईत डेटा सेंटरवर डेटा सेंटर उभी राहतायत. कुठल्या कंपनीचं एआय हुशार, कुणी किती अब्ज ओतले, यावर चहाच्या टपरीवर परत निकाल लागतायत. माझ्याकडे नवीन पोरं शिकायला येतात, त्यांच्या बातम्या वाचतो तर माझाच १९९९ चा मथळा दिसतो, फक्त क्लिकच्या जागी एआय. मी त्यांना सांगतो, बाबांनो, मी जी चूक केली ती करू नका. टेक्नॉलॉजीची बातमी आली की आधी तालुक्याचे प्रश्न विचारा. कुठल्या पाड्यापर्यंत येणार? कुठल्या भाषेत? वीज आणि पाणी कुणाचं? बंद पडलं तर कुणाकडे जायचं? आणि ज्याला ते नको असेल किंवा जमत नसेल त्याला दुसरा रस्ता आहे का? या पाच प्रश्नांची उत्तरं मिळाली की मग खुशाल मथळा द्या.

आता नुसतं बोलून थांबायचं नाही.

डहाणू आणि तलासरी दोन्ही तालुके पूर्ण पेसा क्षेत्रात आहेत. पेसा कायदा डिसेंबर १९९६ चा, म्हणजे आपल्या इंटरनेटपेक्षा जेमतेम वर्षाने लहान. त्यात योजनांचे लाभार्थी ठरवायचा, सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर आणि कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवायचा अधिकार ग्रामसभेला आहे. राज्याच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. येत्या २ ऑक्टोबरला ग्रामसभा होतील. माझी विनंती आहे, प्रत्येक गावाने तीन ठराव घ्यावेत.

एक. ज्या पाड्यावर नेटवर्क नाही, तिथे अंगठा आणि ओटीपीची सक्ती नाही. वहीत नोंद करून धान्य द्यायचं. २४ ऑक्टोबर २०१७ चं पत्र मराठीत मोठ्या अक्षरांत दुकानाच्या भिंतीवर लावायचं.

दोन. पाडावार यादी करायची: कुठल्या पाड्यावर कुठल्या कंपनीची रेंज आहे, कुठे नाही. दर तीन महिन्यांनी ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायची आणि तहसीलदारांना द्यायची. कंपन्यांचे नकाशे आपल्याला नकोत, आपला नकाशा आपण करू.

तीन. "सर्व्हर डाउन आहे, उद्या या" असं ज्याला सांगितलं जाईल त्याला तारीख, वेळ आणि सहीची चिठ्ठी मिळाली पाहिजे. गेलेल्या मजुरीचा निदान पुरावा तरी राहील. आज त्या आजीकडे पुरावा काय? काहीच नाही. सरकारी हिशेबात ती आलीच नव्हती.

यात क्रांती वगैरे काही नाही. यात टॉवरही नाही आणि पैसाही नाही. एक भिंत, एक फलक आणि एक चिठ्ठी. एवढं सुद्धा जमत नसेल तर तीस वर्षांचा केक कापायचा अधिकार कुणालाच नाही.

सुरुवात मी इथून करतो. खाली कमेंटमध्ये फक्त एवढंच लिहा: तुमचा पाडा, गाव, आणि रेंजसाठी किती चालावं लागतं. नाव नाही लिहिलं तरी चालेल. कुठल्या कंपनीवर, कुठल्या पक्षावर घसरू नका, ते नंतर बघू. ज्यांना ही पोस्ट दिसणारच नाही, कारण रेंजच नाही, त्यांच्यासाठी त्यांच्या ओळखीच्या कुणीतरी लिहा. मी यादी करून २ ऑक्टोबरच्या आधी दोन्ही तालुक्यांच्या तहसील कार्यालयात देतो आणि पोच इथेच टाकतो. नाही टाकली तर मला चौकात विचारा.

पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या चौकटीत डहाणू-तलासरीचं नाव यायला हवं होतं, ते आलं नाही. त्याची भरपाई एका पोस्टने होत नाही, मला ठाऊक आहे. पण यादी तरी होईल.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर रविवारी स्टेशनबाहेर त्याच टपरीवर भेटा. चहा माझ्याकडून.